बिलं तपासता, तसे जंतूही मोजा

प्रति,
खान्देशातील ईसीएचएस पॉलिक्लिनिकचे ऑफिसर इन-चार्ज, तसेच धुळे, जळगाव व नंदुरबारचे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी यांस

साहेब, जय हिंद.

मी धुळ्यातल्या एका लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचं, काम करते. नवरा फौजेतून निवृत्त, त्यामुळे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आमच्याही घरात आहे. म्हणजे हे पत्र अर्धं तंत्रज्ञाचं आणि अर्धं लाभार्थीचं आहे असं समजा. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. आपल्या योजनेतून ज्या संलग्न रुग्णालयांची बिलं भागतात, त्यांच्याकडून एमआरएसए या, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूचे आकडे मागा, दर तिमाहीला, लेखी. आणि ते आमच्यासमोर ठेवा.

गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त हवालदारांचा पू आमच्याकडे तपासायला आला. गुडघ्याची वाटी बदललेली, टाके निघाले तरी जखम ओलीच. मुलगा नळी घेऊन आला आणि काउंटरवर विचारत होता, "रिपोर्ट आजच मिळेल ना?" कल्चरला दोन दिवस लागतात म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर ब्लड अगरच्या प्लेटवर सोनेरी झाक असलेल्या गोल, गुळगुळीत वसाहती उठलेल्या आणि भोवती रक्त विरघळल्याचं स्वच्छ कडं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. फोड, केसतूड, गळू यांचा हा नेहमीचाच जंतू, साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात काही त्रास न देता बसलेला असतो. खरा प्रश्न पुढच्या प्लेटवर सुटतो. तिथे आम्ही औषधांच्या चकत्या ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टी लावतो. सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ २२ मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर साधा स्टॅफ, २१ किंवा कमी भरलं तर एमआरएसए. हवालदारसाहेबांच्या प्लेटवर जंतू चकतीला चिकटून वाढला होता. मोजायला काही उरलंच नव्हतं.

आणि सोबतच्या चिठ्ठीवर चालू औषध लिहिलेलं होतं: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, दिवसातून दोनदा, शिरेतून.

ते सेफालोस्पोरिन घराण्यातलं औषध त्या जंतूवर चालणारच नव्हतं. एमआरएसएकडे एक जीन असतं, त्याच्या जोरावर तो आपली भिंत बांधणारं प्रथिनच बदलून टाकतो. मग पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन घराण्यातली जवळपास सगळी औषधं फुकट जातात, मग ती गोळी असो की महागडं इंजेक्शन. मेथिसिलिन हे औषध १९५९-६० च्या सुमारास वापरात आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ, म्हणजेच एमआरएसए, सापडलाही. तेव्हा हा काही कालचा शत्रू नाही. व्हॅन्कोमायसिन, टायकोप्लानिन, लिनेझोलिड अशी औषधं उरतात, पण ती द्यायची तर आधी कल्चर करावं लागतं, आणि कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यावं लागतं. आमच्याकडे येणारे बरेचसे नमुने तीन-चार दिवस इंजेक्शनं टोचून झाल्यावर येतात. बरं, तेही अनेकदा जखमेच्या वरवर कापूस फिरवून घेतलेले. जखम सलाइनने धुवून, तळातून घेतलेला पू लॅबला बरंच काही सांगतो. वरची खपली फक्त कातडीवरचे पाहुणे दाखवते.

तो जंतू हवालदारसाहेबांना ऑपरेशन टेबलावर मिळाला, वॉर्डात ड्रेसिंग करताना मिळाला, की घरून नाकातूनच घेऊन गेले होते, हे आमची प्लेट सांगू शकत नाही. म्हणून मी कुणावर बोट ठेवत नाही, रुग्णालयाचं नावही लिहीत नाही. एका पेशंटवरून काही ठरत नसतं. शंभर पेशंटांचा हिशेब कुणी ठेवला तर ठरतं. आणि तो ठेवण्याची जागा तुमची आहे.

माजी सैनिकांसाठीच हे पत्र का, असं विचाराल. फौजेतला माणूस धडधाकट, मग त्याला जंतूची काय भीती? पण निवृत्तीनंतरची वीस वर्षं बघा. पाठीवर ओझं घेऊन चढलेल्या डोंगरांचा हिशेब गुडघे साठीत चुकता करतात, त्यामुळे सांधे बदलण्याची ऑपरेशनं आली. कुणाच्या मांडीत जुन्या जखमेचा सळईचा तुकडा, कुणाचा पाय कृत्रिम, ठुंठावर सॉकेट घासून फोड. पेन्शन आली की शरीर बसतं, साखर वाढते. नोकरी संपली तरी बरेच जण बँकेत, एमआयडीसीत, शोरूमच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून बारा-बारा तास उभे असतात, पायात बंद बूट. त्यात आपला मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो. साखरेने पायाची संवेदना गेलेला माणूस चप्पल काढून शेताच्या बांधावर चार पावलं चालला तरी तळव्याला फोड येतो आणि त्याला कळतही नाही. संध्याकाळी सून पाय धुवायला पाणी देते तेव्हा तिला दिसतं. अशा पायाची जखम आमच्याकडे आली की मी प्लेट जरा जास्तच काळजीने बघते.

आता अमेरिकेची गोष्ट, कारण माजी सैनिक आणि हाच जंतू यांचा फार मोठा हिशेब तिथे ठेवला गेला आहे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालयं आहेत, व्हेटरन्स अफेअर्स म्हणजे व्हीए. या विभागाने पिट्सबर्गच्या आपल्या रुग्णालयात २००१ च्या सुमारास एमआरएसए रोखण्याचा प्रयोग सुरू केला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तो देशभरातल्या व्हीए रुग्णालयांना लागू केला. नवं औषध त्यात एकही नव्हतं. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या नाकात स्वॅब फिरवायचा. वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना पुन्हा. ज्याच्या नाकात एमआरएसए सापडला त्याच्याजवळ जाताना हातमोजे-गाउन. हात धुणं सगळ्यांनी, मोठ्या डॉक्टरसाहेबांनीही. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: संसर्ग रोखणं ही फक्त संसर्ग-नियंत्रण विभागाची डोकेदुखी नाही, पेशंटला हात लावणाऱ्या प्रत्येकाची आहे, असं धोरण म्हणून लिहून ठेवलं. शिवाय प्रत्येक रुग्णालयात या कामासाठी एक माणूस नेमला, ज्याला विचारता येईल.

याचा परिणाम २०११ मध्ये छापून आला. ऑक्टोबर २००७ ते जून २०१० या काळात भरत्या, वॉर्डबदल आणि डिस्चार्ज मिळून १९ लाख ३४ हजारांहून जास्त नोंदी मोजल्या गेल्या. आयसीयूमध्ये रुग्णालयात जडलेला एमआरएसए संसर्ग दर हजार पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस भरती राहिला की एक पेशंट-दिवस) १.६४ वरून ०.६२ वर आला, म्हणजे ६२ टक्के घट. बाकी वॉर्डांत ०.४७ वरून ०.२६, म्हणजे ४५ टक्के. भरती होताना नाकाची तपासणी ८२ टक्क्यांची होत होती, ती ९६ टक्क्यांची होऊ लागली. नंतर २०१९ मध्ये १३० व्हीए रुग्णालयांचा २००५ ते २०१७ असा लांबचा हिशेब आला. स्टॅफचे एकूण संसर्ग ४३ टक्क्यांनी घटले. एमआरएसए ५५ टक्क्यांनी, आणि त्यातला रुग्णालयात सुरू झालेला ६६ टक्क्यांनी. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या स्टॅफमध्ये घट फक्त १२ टक्के. या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक लक्षात घ्या. ज्याच्या मागे हात धुवून लागले, तो सगळ्यात जास्त उतरला.

इथे एक खोच आहे, आणि ती लपवून मला तुमची सही नको. २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकाच्या ज्या अंकात व्हीएचा निकाल आला, त्याच अंकात दुसऱ्या एका अभ्यासात आयसीयूमध्ये नाक तपासून पेशंट वेगळे ठेवल्याने फारसा फरक पडला नाही असंही छापलं होतं. त्यामुळे नुसत्या स्वॅबने ही किमया झाली असं म्हणणारा विक्रेता तुमच्याकडे किट घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २०१३ मध्ये आणखी एक मोठी चाचणी आली. त्यात कोण वाहक आहे हे न शोधता आयसीयूतल्या सगळ्यांनाच क्लोरहेक्सिडिनने अंग पुसून आणि नाकात म्युपिरोसिन मलम लावून जंतूमुक्त केलं, तेव्हा एमआरएसए सापडण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी आणि रक्तातले सगळ्या जंतूंचे संसर्ग ४४ टक्क्यांनी घटले. व्हीएला यश का आलं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर, त्यांनी मोजलं म्हणून आलं. दर महिन्याला आकडा वर पाठवावा लागतो म्हटल्यावर वॉर्डातल्या सिस्टरपासून सर्जनपर्यंत सगळ्यांचे हात आपोआप बेसिनकडे वळतात. फौजेत शस्त्रागाराची मोजणी रोज का होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडची स्थिती बघा. २००८-०९ मध्ये देशातल्या १५ केंद्रांनी मिळून तपासलं तेव्हा स्टॅफमध्ये एमआरएसएचा वाटा ४० ते ४२ टक्के निघाला होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अलीकडच्या अहवालांतही तो ४० च्या वरच आहे. हे आकडे बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचे. चोपडा, शिरपूर, तळोदा, चाळीसगाव इथल्या पेशंटचा पू त्या हिशेबात कुठून येणार? २०१९ या एका वर्षात जगभरात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यातली लाखाहून जास्त एकट्या एमआरएसएमुळे.

गावाकडे काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. काखेत फोड आला की माणूस मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "दोन गोया दी द्या ना भो." मिळतात त्या बहुतेक सेफिक्झिमच्या. गंमत अशी की सेफिक्झिम साध्या स्टॅफवरही धड चालत नाही, एमआरएसएची तर बातच सोडा. फोड आपल्या आपण फुटतो, बरा होतो आणि श्रेय गोळीला जातं. गळवाचा खरा इलाज चीर देऊन पू काढणं हाच, पण ब्लेड दिसलं की पेशंट दुसरा डॉक्टर गाठतो. २०१४ पासून शेड्यूल एच-१ खाली बऱ्याच अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद वहीत ठेवणं औषध दुकानदारांना बंधनकारक आहे. सेफिक्झिमही त्यात येतं. वही असते. तिच्यात काय लिहिलेलं असतं, हा वेगळ्या पत्राचा विषय.

पण मला सगळा दोष पेशंटच्या माथी मारायचा नाही. तशी पत्रकं भिंतीवर खूप लागलेली आहेत: औषध अर्धवट सोडू नका, स्वतःहून घेऊ नका. दवाखान्याने काय करावं याचं पत्रक मात्र मला आजवर भिंतीवर दिसलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे येते. तुम्ही म्हणाल, आम्ही पॉलिक्लिनिक चालवतो, रुग्णालयाशी करार वर होतो, दर सीजीएचएसप्रमाणे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेप्रमाणे), बिलं ऑनलाइन जातात, आमच्या हातात काय? हातात बरंच आहे, साहेब. रेफरल तुमच्या खिडकीतून जातो. कुठल्या संलग्न रुग्णालयात जायचं हे पेशंट ठरवतो, पण तो ठरवताना तुमच्याच डॉक्टरांना विचारतो, "साहेब, कुठलं बरं?" त्या क्षणी डॉक्टरांकडे एखादा आकडा असला तर? आज असतो तो अनुभव आणि ओळख. शिवाय बिलासोबत डिस्चार्ज समरी जोडलेली असते. ऑपरेशननंतर तोच पेशंट त्याच जखमेसाठी पुन्हा भरती झाला की नाही, त्याला व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड लागलं की नाही, हे कागदावर आहेच. बिल तपासताना एक रुपया जास्त लावला तर तो कापला जातो, हे आम्ही सगळे ऐकून आहोत. तीच नजर जरा जखमेकडे वळवा. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता असलेल्या रुग्णालयांना दर जास्त मिळतो, आणि त्या मान्यतेसाठी संसर्ग-नियंत्रण समिती व तिच्या नोंदी असाव्याच लागतात. म्हणजे जास्त दर घेणाऱ्यांकडे आकडे तयार असायला हवेत. ते मागायला लाजायचं काय कारण?

मागायचं तेही फार नाही. गेल्या तीन महिन्यांत ईसीएचएसचे किती पेशंट, एकूण किती दिवस भरती होते. त्यातल्या कितींना भरती झाल्यावर ४८ तासांनंतर स्टॅफचा संसर्ग निघाला. त्यातले एमआरएसए किती. सांधा बदलण्याआधी नाकाचा स्वॅब घेता का. कल्चर कुठल्या लॅबला पाठवता आणि अँटिबायोटिकच्या आधी की नंतर. एका पानात मावतं. आकडा दर हजार पेशंट-दिवसांमागे मागा. नाहीतर दहा खाटांचं रुग्णालय शंभर खाटांच्या रुग्णालयापेक्षा उगाच स्वच्छ दिसेल. आणि एका तिमाहीवरून कुणाला फासावर चढवू नका. छोट्या रुग्णालयात एक केस आली की टक्केवारी उड्या मारते. वर्षभर बघा, मग बोला.

रुग्णालयं कुरकुर करतील हे नक्की. कोण म्हणेल नाव खराब होईल, कोण म्हणेल जंतू पेशंटच घेऊन येतात. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या व्हीए रुग्णालयांतही भरती होतानाच १३.६ टक्के पेशंटांमध्ये एमआरएसए आढळत होता. म्हणूनच तर भरतीच्या दिवशी स्वॅब घ्यायचा, म्हणजे कुणाचं पाप कुणाच्या डोक्यावर जात नाही. प्रामाणिक रुग्णालयाला उलट याचा फायदाच आहे. ज्यांचा शून्य येईल त्यांच्याकडे मात्र मी आधी शंकेने बघेन, कारण कल्चरच पाठवलं नाही तर शून्यच येतो.

तुमच्या स्वतःच्या ड्रेसिंग रूमबद्दलही थोडं बोलते, रागावू नका. काही पॉलिक्लिनिकमध्ये सिस्टर एकट्या असतात आणि मधुमेही पायांची रांग असते. बाटलीत हँडरब असतो, पण तो दाराजवळच्या टेबलावर, ड्रेसिंगच्या खुर्चीपासून लांब. दोन पेशंटांच्या मध्ये तिथवर कोण जाणार? बाटली खुर्चीला टांगा, संपली की त्याच दिवशी भरा. कात्री-चिमटा एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर जाऊ नये इतके संच द्या. हा खर्च एका रेफरलच्या बिलाच्या तुलनेत किरकोळ आहे. सिस्टरला दोष देऊन उपयोग नाही. तिला दोन हात आहेत आणि रांग संपत नाही.

आणखी एक. आपला पेशंट जळगावहून नाशिकला जातो, तिथून देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलला, कधी पुण्याला कमांड हॉस्पिटलपर्यंत. प्रत्येक ठिकाणी फाइल नवी, आणि आधीच्या ठिकाणी एमआरएसए निघाला होता हे कुणी विचारत नाही, पेशंटला सांगता येत नाही. "कसला तरी जंतू निघाला होता" एवढंच त्याला आठवतं. व्हीएचं मोठं बळ हे की सगळीकडे एकच संगणकीय नोंद. आपल्याकडे निदान एवढं करा: ज्याच्या कल्चरमध्ये एमआरएसए निघाला त्याच्या रेफरल कागदावर वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात तारखेसह लिहा. पुढच्या सर्जनला वॉर्डात कुठली खाट द्यायची आणि ऑपरेशनपूर्वी कुठलं अँटिबायोटिक द्यायचं, दोन्ही ठरवताना त्याचा उपयोग होईल. आणि पेशंटला नीट समजावून सांगा की हा काही महारोग नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही; टॉवेल, वस्तरा वेगळा ठेवायचा, जखम झाकून ठेवायची, हात साबणाने धुवायचे. मी पाहिलंय, एका घरात रिपोर्ट वाचून आजोबांची खाट ओट्यावर नेऊन टाकली होती. नातवंडांना जवळ येऊ देत नव्हते.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना वेगळी विनंती: माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शन, कॅन्टीन, शिष्यवृत्ती यांवर बोललं जातं, ते जायलाच हवं. त्यात दहा मिनिटं या विषयाला द्या. वीरनारी आणि वीरमाता तिथे आलेल्या असतात, घरातल्या जखमा त्याच बांधतात. बोलायला धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुणालाही बोलवा, मला नको. मला माइकसमोर उभं राहिलं की घाम फुटतो.

रुग्णालयांना पाठवायच्या प्रश्नांचं एक पान मी मराठीत टाइप करून ठेवलं आहे. त्यात तुम्ही हवे ते बदल करा, तुमच्या लेटरहेडवर घ्या, माझं नाव कुठेही नको. येत्या सोमवारी नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला पॉलिक्लिनिकला यायचंच आहे, तेव्हा ते पान खिडकीवर देईन. आवक नोंदवहीत चढवून पोच मिळावी, ही विनंती.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि माजी सैनिकाची पत्नी
धुळे